जर्मिन स्ट्रीटवरचं चंदन

लंडनला निघालेल्या माणसाच्या हातात आपण एक यादी देतो. राणीचा राजवाडा (आता राजाचा म्हणायला हवं), टॉवर ब्रिज, बिग बेन, ते मोठं चाक, ब्रिटिश म्युझियम. जर्मिन स्ट्रीट हे नाव त्या यादीत कधी नसतं. पिकॅडिली सर्कस स्टेशनातून बाहेर पडलं, गर्दीला वळसा घातला, की पिकॅडिलीच्या मोठ्या रस्त्याला समांतर असा हा अरुंद रस्ता लागतो. हेमार्केटच्या बाजूने सुरू होतो आणि सेंट जेम्स स्ट्रीटला जाऊन मिळतो. सरळ चालत गेलं तर दहा मिनिटांचं काम. मला अख्खी दुपार लागली.

हा रस्ता पुरुषांचा आहे. म्हणजे बायकांना मनाई नाही, पण दुकानं पाहाल तर शर्ट, बूट, टाय, टोप्या आणि दाढीचं सामान. आपल्या मंगळ बाजारात बायका ओढण्यांचे रंग जुळवत असतात आणि नवरे पिशव्या धरून दुकानाबाहेर उभे असतात ना, इथे ते दृश्य उलटं. एका शर्टाच्या दुकानाबाहेर तीन बायका फोन बघत उभ्या होत्या आणि आत त्यांचे नवरे कॉलरच्या आकारांवर गंभीर चर्चा करत होते. मला फार बरं वाटलं.

सतराव्या शतकात हेन्री जर्मिन नावाच्या सरदाराला राजाकडून इथली जमीन मिळाली आणि त्याने दरबारी लोकांसाठी ही वस्ती उभी केली. राजवाडा जवळ, म्हणून सरदार आले. सरदार आले म्हणून शिंपी, चांभार, अत्तरवाले आणि न्हावी आले. हे आपल्याला समजायला कठीण नाही. वडोदऱ्यात गायकवाडांच्या वाड्याभोवती दांडिया बाजार आणि रावपुरा असेच भरत गेले. फरक एवढाच, की इथले न्हावी आणि अत्तरवाले अजून दुकान मांडून बसलेले आहेत आणि दारावर साल लिहून ठेवतात.

मधोमध पिकॅडिली आर्केडच्या तोंडाशी एक पुतळा आहे. योद्ध्याचा नाही, कवीचा नाही. बो ब्रुमेल नावाच्या छानछोकी माणसाचा. याचं कर्तृत्व काय, तर त्याने भरजरी कपडे आणि पावडर लावलेले केसांचे टोप यांच्याऐवजी रोज अंघोळ, गुळगुळीत दाढी, स्वच्छ पांढरा शर्ट आणि साधा गडद कोट ही फॅशन रूढ केली. आजचा सूट घातलेला प्रत्येक माणूस थोडाफार त्याचा वारस आहे. युवराजाशी दोस्ती होती, ती तुटली. कर्ज वाढलं, तेव्हा १८१६ साली तो फ्रान्सला पळून गेला आणि १८४० मध्ये तिथेच विपन्नावस्थेत वारला. पुतळा २००२ सालचा आहे. त्यात अर्थातच शेवटची वर्षं दिसत नाहीत.

थोडं पुढे ८७ क्रमांकाशी न्यूटन इथे राहत होता अशी पाटी आहे. समोरच्या अंगाला क्रिस्टोफर रेनने बांधलेलं सेंट जेम्स चर्च, ज्यात विल्यम ब्लेकचा बाप्तिस्मा झाला. ८९ क्रमांकाला फ्लोरिस हे अत्तराचं दुकान. मिनॉर्का बेटावरून आलेल्या हुआन फामेनियास फ्लोरिसने ते १७३० मध्ये काढलं. आतली महोगनीची कपाटं १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मोठ्या प्रदर्शनातून आणलेली. मी तिथे फक्त वास घेऊन बाहेर पडले, किमती पाहून.

माझं काम दाढीच्या दुकानात होतं, आणि या भागात त्यांची चंगळ आहे. सेंट जेम्स स्ट्रीटवर १७९० पासूनचे डी. आर. हॅरिस. हे मुळात औषधवाले. त्याच रस्त्यावर ट्रुफिट अँड हिल, स्थापना १८०५, जगातलं सगळ्यात जुनं न्हाव्याचं दुकान म्हणून गिनेसने नोंदवलेलं. मेफेअरमध्ये कर्झन स्ट्रीटवर १८७५ चे जिओ. एफ. ट्रम्पर. कर्झन हे नाव वाचून वडोदऱ्याच्या माणसाला हसू येतंच. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने १९०० मध्ये संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांवर निर्बंध घालणारं फर्मान काढलं आणि आमचे सयाजीराव महाराज, ज्यांनी १८८७ पासून युरोपच्या वाऱ्या चालवल्या होत्या, ते जाम भडकले होते. त्या रस्त्यावरून मी मुद्दाम रमतगमत चालले.

आणि जर्मिन स्ट्रीटवर ७४ क्रमांकाला टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीट. नाव एका रस्त्याचं, दुकान दुसऱ्यावर. जेरेमाया टेलरने १८५४ मध्ये सुरू केलेलं. मावसबहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भावजींनी, हेच नाव सांगितलं होतं. ते हॅरोला राहतात आणि गेली काही वर्षं ब्रशने फेस करून दाढी करायच्या नादाला लागले आहेत. रविवारी सकाळी न्हाणीघर अडवून बसतात, अशी बहिणीची तक्रार.

आता मी या भानगडीत का पडले ते सांगते. आमचे आप्पा एकोणऐंशीचे आहेत. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. वरच्या फळीवर गोदरेजच्या क्रीमची डबी, सेव्हन ओ'क्लॉकची पाती, पितळी बुडाचा ब्रश आणि तुरटीचा खडा, हा त्यांचा सकाळचा संसार. आजोबा 'श्मश्रू' म्हणायचे आणि शनिवार-अमावास्या पाळायचे. आप्पांनी तो पाळावळीचा भाग सोडला आणि रोज सकाळी साडेसहा हा मुहूर्त धरला. मग कंपवात आला. हातात पातं धरणं थांबलं. घरी येणारे न्हावीकाका गेल्या वर्षी कायमचे गावी गेले. तेव्हापासून आप्पांची दाढी मी करते.

सुरुवातीला डब्यातला फसफसणारा फोम आणि वापरून फेकायचा रेझर, असं चालू होतं. काम होत होतं. पण तो फोम म्हणजे बहुतेक हवा. गालावर थंडगार बसतो, केस नीट भिजत नाहीत आणि पातं ओढत जातं. आप्पा काही बोलायचे नाहीत. डोळे मिटून घ्यायचे, इंजेक्शन घेताना मिटतात तसे.

दुकानात शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती लाकूड आणि साबण यांचा मिसळलेला वास. फळ्यांवर क्रीमच्या गोल वाट्या रचलेल्या. लिंबू, बदाम, गुलाब, लॅव्हेंडर, चंदन. काउंटरमागच्या तरुणाने मी स्वतःसाठी घेत नाही हे ओळखलं असावं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. त्याने ब्रश कोमट पाण्यात भिजवला, झटकला, बदामाएवढं क्रीम घेतलं आणि एका बाउलमध्ये गोल गोल फिरवायला लागला. मध्येच बोटाने दोन थेंब पाणी. पुन्हा फिरवणं. मिनिटभरात त्या बदामाचा वाटीभर फेस झाला, जाड, चकचकीत, श्रीखंडाच्या चक्क्याइतका घट्ट. ब्रश उचलला की टोक उभं राहत होतं. त्याने तो माझ्या हाताच्या मागच्या बाजूला लावला. गरम होता. मी विकत घ्यायचं तिथेच ठरवलं, वास घेण्याआधीच.

मग त्याने साधा प्रश्न विचारला, "त्यांना कोणता वास आवडतो?"

याचं उत्तर लांबलचक आहे, ते मी त्याला दिलं नाही. तुम्हाला देते. कंपवातात हात थरथरायच्या कितीतरी आधी, कधीकधी बरीच वर्षं आधी, वासाची जाण कमी होऊ लागते. हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. आप्पा रोज पूजेला सहाणेवर चंदन उगाळत. थरथर सुरू होण्याच्या तीन-चार वर्षं आधीपासून ते म्हणायला लागले होते, हल्लीच्या चंदनाला वास राहिला नाही. आम्ही सगळे मान डोलवायचो, कारण चंदन खरंच पूर्वीसारखं मिळत नाही.

"चंदन," मी म्हटलं. पंधरा वर्षांपूर्वी विचारलं असतं तरी हेच उत्तर होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर कोणी विकत घेऊन माझ्या नावाने बोटं मोडेल. इंग्लिश दाढीच्या क्रीममधलं 'सँडलवुड' म्हणजे आपल्या सहाणेवरचं गंध नव्हे. ते अत्तरवाल्याने रचलेलं मिश्रण असतं. आधी जिरेनियम आणि लॅव्हेंडर नाकाला भेटतात, मग थोडी पाचोळी, आणि चंदन तळाशी बसून सगळ्यांना धरून ठेवतं. चंदनाचं खरं काम अत्तरात हेच. त्याचं तेल जड असतं, सावकाश उडतं, आणि बरोबरच्या हलक्या वासांनाही लवकर जाऊ देत नाही. देवघराची आठवण येईल म्हणून घ्याल तर निराश व्हाल. इस्त्री केलेला शर्ट घातलेल्या, नीट भांग पाडलेल्या मामांची आठवण येईल. मला तो वास आवडला, पण तो चंदनाचा पाहुण्याच्या कपड्यातला फोटो आहे.

तरी या रस्त्याशी चंदनाचं नातं जुनं आणि आपल्या बाजूचं आहे. चंदनाचं झाड स्वतः सगळं कमवत नाही. मुळांनी शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून अन्नपाणी घेतं. वास फक्त आतल्या गाभ्यात, आणि तो गाभा धरायला वर्षानुवर्षं लागतात. म्हैसूर संस्थानात टिपूच्या काळापासून ते सरकारी झाड. लाकूड लिलावात विकलं जायचं आणि मोठा भाग युरोपात, विशेषतः जर्मनीत, तेल काढायला जायचा. पहिलं महायुद्ध पेटलं आणि ती वाट बंद झाली. वखारीत लाकूड पडून राहिलं. तेव्हा कृष्णराज वडियार महाराज आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीत १९१६ मध्ये म्हैसूरलाच तेल काढायचा कारखाना निघाला आणि त्यातूनच पुढे तो अंडाकृती म्हैसूर सँडल साबण आला, जो आपल्या मामा-मावश्यांच्या कपाटात साड्यांमध्ये ठेवलेला असायचा. म्हणजे जे तेल इथल्या वाट्यांत पोचायचं, त्याच्या मुळाशी आपल्याच शेजारचं जंगल. आज भारतातलं चंदन कमी झालंय, ऑस्ट्रेलियात त्याच जातीच्या मोठ्या बागा लावल्यात. वाटीतलं कुठलं, ते वाटीवर लिहिलेलं नव्हतं.

दीडशे ग्रॅमची वाटी घेतली आणि एक ब्रश, कृत्रिम केसांचा. खऱ्या बॅजरच्या केसांचे ब्रश काचेमागे दिमाखात उभे होते, पण मला त्या प्राण्याचं वाईट वाटलं आणि किमतीचं जास्त. कृत्रिम ब्रश लवकर वाळतो. आपल्या पावसाळ्यात तेच बरं.

त्या संध्याकाळी हॅरोला भावजींनी पहिली चाचणी घेतली, स्वतःच्या गालावर, आम्हा दोघींना न्हाणीघराच्या दारात उभं करून. त्यांचा धडा थोडक्यात असा. दाढीचा केस कोरडा असला की चिवट असतो, पाणी प्यायला की मऊ पडतो, म्हणून आधी गरम पाण्याचा टॉवेल दोन-तीन मिनिटं. मग ब्रशने फेस, गोल फिरवत, म्हणजे केस उभे राहतात. पहिली फेरी केसांच्या दिशेने. हौस असेल तर पुन्हा फेस लावून आडवी. उलट्या दिशेने जायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या कातडीने ठरवायचं. जोर द्यायचा नाही, रेझरचं वजन पुरेसं असतं. लंडनचं पाणी चुनखडीतून येतं, जड आहे, किटलीत पांढरा थर साचतो. जड पाण्यात फेस कमी होतो, म्हणून क्रीम जरा जास्त घ्यायचं. हे ऐकून मला आमच्या सोसायटीच्या बोअरचे पांढरे झालेले नळ आठवले आणि हायसं वाटलं, म्हणजे धडा घरीही लागू पडणार होता.

परत आल्यावर वाटी आप्पांच्या हातात दिली. त्यांनी आधी भिंग मागवलं आणि मागची चिठ्ठी वाचली. स्टिअरिक आम्ल, मिरिस्टिक आम्ल, नारळाचं आम्ल, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, ग्लिसरीन. माझा सतरा वर्षांचा चिरंजीव तिथेच होता, त्याची लगेच तोंडी परीक्षा झाली. अंघोळीचा साबण कडक का आणि हा मऊ का? त्याला आलं नाही. "सोडियमचा साबण कडक, पोटॅशियमचा मऊ," आप्पा म्हणाले. "स्टिअरिकने फेस टिकतो, नारळाने पटकन होतो. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं. एवढ्यासाठी लंडनला जायला नको होतं." आवाज हल्ली बारीक झालाय, पण वर्ग सुटल्यासारखा वाटला नाही.

तुमच्या घरात कोणा मोठ्यांची दाढी तुम्हाला करावी लागत असेल तर दोन-चार गोष्टी कामाच्या सांगते. गोळी घेतल्यावर तिचा असर चढला की मग बसायचं, तेव्हा थरथर आणि ताठपणा कमी असतो. आमच्याकडे तो पाऊण ते एक तास. खिडकीशी खुर्ची, मान टेकायला उशी. तुम्ही डाव्या हाताने कातडी हलकेच ताणायची, कारण म्हाताऱ्या गालाला घड्या असतात आणि पातं घडीत अडतं. छोटे छोटे हात, फक्त केसांच्या दिशेने, एकच फेरी. हनुवटीखाली सगळ्यात शेवटी, तोवर तिथले केस सगळ्यात जास्त भिजलेले असतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हे सगळं सोडा आणि विजेचं मशीन वापरा. गुळगुळीतपणाचा हट्ट आपला असतो, त्यांचा नसतो.

पहिल्या दिवशी मी फेस केला तेव्हा सगळं न्हाणीघर जर्मिन स्ट्रीट झालं. चिरंजीव दारात येऊन म्हणाला, "आजोबा, काय मस्त वास येतोय!" आप्पा म्हणाले, "असेल." मी ब्रश गालावर ठेवला आणि गोल फिरवायला लागले. त्यांनी डोळे मिटले. या वेळी कपाळावर आठी नव्हती. खालचा जबडा हलत होता तो थांबला नाही, पण खांदे खाली आले. गरम फेस, ओला ब्रश, खरखरीचा आवाज. पन्नासेक वर्षं रोज सकाळी साडेसहाला जे होत होतं ते सगळं तिथे होतं, एक वास सोडून. पातं चालवून झाल्यावर गार पाणी, मग तुरटी. तुरटी झोंबली तेव्हा म्हणाले, "हां." तेवढंच. मग थरथरता तळवा गालावरून दोनदा फिरवला, वर आणि खाली, आणि कानापाशी राहिलेले चार केस शोधून काढून मला दाखवले.

वाटी पुरते म्हणतात चार-पाच महिने. आमच्याकडे तेवढी टिकणार नाही, कारण आता दुसरं गिऱ्हाईक लागलंय. चिरंजीवांना मिशी फुटली आहे आणि हनुवटीवर मोजून पंचवीसेक केस. त्याने आप्पांचा जुना रेझर फळीवरून काढून घेतला. किंग कॅम्प जिलेटने १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीचाच तो, एक पातं, दोन धारा, दांडी फिरवली की वर पंख उघडतात. विक्रीच्या पहिल्या वर्षी, १९०३ साली, जिलेटचे फक्त एक्कावन्न रेझर खपले होते. हे सांगून आप्पांनी त्याला धीर दिला, कशाबद्दल ते मला कळलं नाही.

रविवारी आता दोघांचा कार्यक्रम एकत्र असतो. आधी आप्पांची दाढी होते, मग ते टॉवेल गळ्यात तसाच ठेवून खुर्चीतून नातवाकडे बघत बसतात. आणि नंतर सेव-उसळ मागवायची असते, म्हणून घाई. गेल्या रविवारी त्याने वाटीत बोट घातलं तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले आप्पा एकदम म्हणाले, "बदामाएवढं सांगितलं होतं. ती खारीक झाली."